संवाद कळत नाहीत? रिसिव्हरवर सेंटर स्पीकर कसा जुळवावा

होम थिएटरबाबत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार अशी की, स्फोट, पाठलाग आणि पार्श्वसंगीत घर दणाणून सोडतात, पण माणसे काय बोलतात ते कळत नाही. मग रिमोट हातातून खाली ठेवता येत नाही. संवाद सुरू झाले की आवाज वाढवायचा आणि हाणामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा. यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो रिसिव्हरच्या (सर्व स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राच्या) मेनूत जाऊन सेंटर स्पीकरची, म्हणजे मधल्या स्पीकरची, पातळी चार-सहा डेसिबलने वाढवण्याचा. त्याने थोडा फरक पडतो हे खरे, परंतु मूळ दोष साउंड मोडमध्ये, स्पीकरच्या जागेत किंवा क्रॉसओव्हरमध्ये (खालचे स्वर सबवूफर या खोल आवाजांच्या स्पीकरकडे वळवण्याच्या सीमेत) असेल, तर अस्पष्ट आवाज नुसता मोठा होतो. म्हणूनच या लेखात पातळीचा विषय मुद्दाम मागे ठेवला आहे. आधी सेंटरपर्यंत योग्य सिग्नल पोहोचतो का ते पाहावे, मग स्पीकरची जागा आणि जोडणी तपासावी, त्यानंतर आकार, क्रॉसओव्हर, अंतर आणि पातळी या क्रमाने जावे. मेनूंतील नावे कंपनीनुसार थोडीफार बदलतात, पण त्यांमागचे काम सर्वत्र सारखेच असते.

सेंटरकडे नेमके काय येते

५.१ ध्वनिमुद्रणात डावा, उजवा आणि मधला असे समोरचे तीन चॅनेल, मागचे किंवा बाजूचे दोन सराउंड चॅनेल आणि खोल आवाजांसाठी राखलेला एक स्वतंत्र चॅनेल असतो. चित्रपट आणि मालिकांतील संवादांचा फार मोठा भाग मधल्या चॅनेलमध्ये असतो. पडद्यावर घडणाऱ्या गोष्टींचे आवाज, पावलांचे, दाराचे, भांड्यांचे, हेही बरेचसे तिथेच असतात. सेंटर म्हणजे केवळ संवादांचा स्पीकर असे समजून त्याच्याशी वागल्यास पुढे पातळी वाढवताना त्रास होतो, हे येथेच ध्यानात ठेवावे.

सेंटर नसला तरी डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून एकसारखा आवाज सोडून तो मधून येत असल्याचा आभास निर्माण करता येतो. स्टिरिओ संगीतात गायकाचा आवाज मधोमध ऐकू येतो तो असाच. मात्र या आभासी मध्याच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ऐकणारा थोडा जरी बाजूला सरकला तरी आवाज जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो, आणि सोफ्यावर तीन जण बसले असतील तर त्यांपैकी एकालाच तो मध्यावर ऐकू येतो. दुसरी अडचण कमी ठाऊक असते: प्रत्येक कानाला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि पलीकडच्या स्पीकरचा आवाज अगदी किंचित उशिरा पोहोचतो, आणि हे दोन्ही एकमेकांत मिसळताना २ किलोहर्ट्झच्या आसपास एक खळगा पडतो. उच्चार स्पष्ट कळण्यासाठी हाच पट्टा फार मोलाचा असतो. खऱ्या सेंटर स्पीकरला हा दोष लागत नाही. मध्यावर वेगळा स्पीकर असावा ही कल्पना तशी घरगुती यंत्रणांपेक्षा कितीतरी जुनी आहे. बेल प्रयोगशाळेने १९३३ मध्ये फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोहोचवले, तेव्हा त्यासाठी तीन चॅनेल वापरले होते.

आधी सिग्नल तपासावा

सेंटर स्पीकर बंदच आहे किंवा फार हळू वाजतो अशी शंका आली, तर मेनूत शिरण्यापूर्वी रिसिव्हरच्या रिमोटवरील माहितीचे बटण दाबून आत येणारा सिग्नल कोणता आहे ते पाहावे. तेथे दोनच चॅनेल दिसत असतील, तर दोष स्पीकरमध्ये नसून वाटेत कुठेतरी आहे. टीव्हीमार्गे आवाज येत असल्यास टीव्हीच्या ध्वनी-मेनूतील डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर, म्हणजे टीव्हीनेच उलगडलेल्या डिजिटल आवाजावर, असण्याची शक्यता मोठी असते. ऑप्टिकल केबल किंवा साध्या एआरसी (एचडीएमआयमधून टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे परत नेणाऱ्या) जोडणीतून पीसीएम पाठवल्यास केवळ दोन चॅनेल जातात, त्यामुळे तेथे ‘बिटस्ट्रीम’, ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ निवडावे. ऑप्टिकल केबलला डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस झेपते, पण स्ट्रीमिंग सेवांत सर्रास वापरले जाणारे डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जात नाही; ते एचडीएमआयच्या एआरसी जोडणीतून जाऊ शकते. बहुचॅनेल पीसीएम आणि ब्लू-रेवरील दर्जा न घटवता साठवलेले ध्वनिप्रकार टीव्हीमार्गे न्यायचे असतील तर ईएआरसी ही एआरसीची सुधारित आवृत्ती लागते. चित्रपट पाहण्याचे उपकरण थेट रिसिव्हरच्या एचडीएमआय इनपुटला जोडता येत असेल तर तसे करणे माझ्या मते सर्वांत निर्धोक आहे, कारण मधला टीव्ही हा या साखळीतील सर्वाधिक घोळ घालणारा दुवा असतो.

सिग्नल ५.१ असूनही सेंटर गप्प असेल तर रिसिव्हरचा साउंड मोड पाहावा. ‘स्टिरिओ’ मोडमध्ये सर्व चॅनेल दोन स्पीकरांत मिसळले जातात आणि सेंटर वाजतच नाही. याउलट ‘सर्व चॅनेल स्टिरिओ’ प्रकारच्या मोडमध्ये सगळ्या स्पीकरांतून तोच आवाज येतो आणि संवाद चहूबाजूंनी ऐकू येऊ लागतात. समारंभात गाणी लावायला तो ठीक, चित्रपटासाठी नव्हे. मूळ सिग्नल दोनच चॅनेलांचा असेल, जसे जुने चित्रपट किंवा टीव्हीवरील अनेक वाहिन्या, तर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘डीटीएस न्यूरल:एक्स’ हा मोड लावावा. हे मोड दोन्ही चॅनेलांत समान असलेला आवाज शोधून तो सेंटरकडे वळवतात, आणि संवाद बहुधा तसेच मुद्रित केलेले असल्यामुळे ते मधोमध येऊन बसतात. ‘डायरेक्ट’ आणि ‘प्युअर डायरेक्ट’ या नावांना भुलू नये. नाव शुद्धतेचे असले तरी अनेक रिसिव्हरांत या मोडमध्ये खोलीनुसार केलेली ध्वनिसुधारणा बंद पडते, काहींत क्रॉसओव्हरही, आणि मग पुढे केलेली मेहनत वाया जाते.

जोडणी आणि जागा

रिसिव्हर आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवून वायरची टोके तपासावीत. रिसिव्हरच्या लाल टर्मिनलमधून निघालेली तार स्पीकरच्या लाल टर्मिनललाच गेली पाहिजे. ती उलटी जोडली गेल्यास सेंटर एकटा वाजताना काहीच चुकल्यासारखे वाटत नाही, पण डाव्या-उजव्या स्पीकरांसह वाजताना आवाज पोकळ होतो आणि सबवूफरशी त्याचा मेळ बसत नाही. उघड्या तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला शिवणार नाही याचीही काळजी घ्यावी; रिसिव्हर मध्येच आपोआप बंद होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

आता जागा. सेंटर स्पीकर बहुतेक वेळा टीव्हीखालच्या कप्प्यात जातो आणि बऱ्याचदा शोभेसाठी मागे ढकलून ठेवला जातो. तसे केल्यास कप्प्याचा पुढचा भाग समोर पसरलेल्या फळीसारखा राहतो, स्पीकरचा आवाज त्यावर आपटून वर येतो आणि थेट आवाजात मिसळून तो गढूळ करतो. स्पीकरची पुढची बाजू कप्प्याच्या कडेशी तंतोतंत किंवा कडेच्या किंचित पुढे असावी. कप्पा तीन बाजूंनी बंद असेल तर खालचा स्वर फुगतो आणि पुरुषांचे आवाज खोक्यातून आल्यासारखे वाटतात, म्हणून शक्य असेल तेथे कप्प्याबाहेरची, मोकळी जागा निवडावी. स्पीकरचे बास-पोर्ट (खालच्या स्वरांसाठी ठेवलेले भोक) मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासून थोडे अंतरही ठेवावे.

उंचीचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. वरच्या पट्टीचे आवाज देणारे ट्वीटर फार अरुंद दिशेने आवाज फेकते, त्यामुळे जमिनीजवळ ठेवलेला स्पीकर गुडघ्यांना संवाद ऐकवतो आणि कानांपर्यंत व्यंजनांची धार पोहोचत नाही. हे तपासण्याची एक साधी पद्धत आहे. बातम्या किंवा एखादी मुलाखत लावावी, नेहमीच्या जागी बसावे आणि आवाज न बदलता हळूहळू पुढे वाकत डोके स्पीकरच्या उंचीपर्यंत खाली न्यावे. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’ ही अक्षरे वाकल्यावर एकदम उघडी, ठसठशीत ऐकू येऊ लागली तर दोष पातळीचा नाही, कोनाचा आहे. अशा वेळी स्पीकरच्या पुढच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे घालून त्याचे तोंड वर करावे आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानांकडे रोखले जाईल असे पाहावे. स्पीकर टीव्हीच्या वर असेल तर मागची बाजू उचलून तोंड खाली झुकवावे, मात्र तो पुढे घसरणार नाही अशी व्यवस्था आधी करावी. या एका दुरुस्तीने जेवढा फरक पडतो तेवढा मेनूतील कोणत्याही एका आकड्याने पडत नाही, असे माझे मत आहे.

आडव्या सेंटर स्पीकरांपैकी बऱ्याच स्पीकरांत मध्ये ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकसारखे वूफर (खालच्या-मधल्या स्वरांचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग) अशी रचना असते. समोर बसणाऱ्याला ती उत्तम ऐकू येते, पण बाजूला बसणाऱ्यापर्यंत दोन वूफरांचे आवाज वेगवेगळे अंतर कापून पोहोचतात आणि मधल्या पट्ट्यात एकमेकांना खोडतात. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यांचीच तक्रार असेल तर कारण बहुधा हे असते, आणि रिसिव्हरच्या कोणत्याही सेटिंगने ते जात नाही. ज्या सेंटरमध्ये ट्वीटरच्या खाली किंवा वर मधल्या स्वरांचा स्वतंत्र छोटा ड्रायव्हर असतो, त्यांत हा दोष बराच कमी असतो.

आपोआप मोजणी कशी करावी

जवळपास प्रत्येक रिसिव्हरसोबत मोजणीचा छोटा माइक येतो; तो लावला की रिसिव्हर एकेका स्पीकरचा आवाज मोजून आकार, अंतर आणि पातळी आपोआप ठरवतो. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी अशी त्या प्रणालींची नावे आहेत, तर काही नव्या रिसिव्हरांत डिराक लाइव्हची सोय असते. मोजणी करताना पंखा आणि वातानुकूलन यंत्र बंद ठेवावे. माइक हातात धरू नये आणि सोफ्याच्या पाठीवरही ठेवू नये, कारण पाठीच्या गादीवरून परतणारा आवाज मोजणी बिघडवतो. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घेऊन माइक बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर ठेवावा. ऑडिसीमध्ये पहिली मोजणी मुख्य बैठकीच्या जागीच करावी लागते, कारण अंतर आणि पातळी या दोन गोष्टी त्याच मोजणीवरून ठरतात. पुढच्या मोजण्या तिच्या आसपास घ्याव्यात, खोलीच्या चारही कोपऱ्यांत नव्हे.

मोजणी संपली की निकाल जसाच्या तसा स्वीकारण्याची घाई करू नये. रिसिव्हरने लावलेले आकडे एका कागदावर उतरवून घ्यावेत आणि पुढील तीन बाबी स्वतः पडताळून पाहाव्यात.

आकार आणि क्रॉसओव्हर

मेनूत स्पीकरचा आकार ‘स्मॉल’ की ‘लार्ज’ असा विचारलेला असतो आणि येथेच सर्वाधिक गैरसमज होतो. या शब्दांचा स्पीकरच्या लांबी-रुंदीशी काही संबंध नाही. ‘लार्ज’ म्हणजे त्या चॅनेलमधील सगळा आवाज, खालच्या स्वरांसह, त्याच स्पीकरला पाठवला जाईल. ‘स्मॉल’ म्हणजे एका ठरावीक कंपनसंख्येच्या खालचा भाग सबवूफरकडे वळवला जाईल. ती कंपनसंख्या म्हणजेच क्रॉसओव्हर. महागड्या, वजनदार सेंटरला ‘स्मॉल’ म्हणणे काहींना अपमानास्पद वाटते, पण यंत्रणेत सबवूफर असेल तर सेंटर ‘स्मॉल’ ठेवणेच योग्य. कारण सरळ आहे: आवाजाची तीच पातळी एक सप्तक खाली (म्हणजे निम्म्या कंपनसंख्येवर) काढायची तर वूफरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. तेवढी हालचाल करत असतानाच त्याच पडद्याला संवादही काढायचे असतील तर ते स्वच्छ निघत नाहीत. खालचे काम काढून घेतले की सेंटरवरचा आणि रिसिव्हरच्या अ‍ॅम्प्लिफायरवरचा ताण उतरतो. अनेक रिसिव्हरांत स्पीकरच्या बाजूचा फिल्टर सप्तकामागे १२ डेसिबल उताराचा असतो. म्हणजे क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवल्यास ४० हर्ट्झचा आवाज सेंटरपर्यंत सुमारे १२ डेसिबलने घटून पोहोचतो.

आपोआप मोजणीने सेंटर ‘लार्ज’ ठरवला असेल तर तो खुशाल ‘स्मॉल’ करावा. खोलीच्या भिंतींमुळे खालचे स्वर उचलले जातात आणि माइकला स्पीकर आहे त्यापेक्षा ताकदवान भासतो, एवढाच त्या निकालाचा अर्थ असतो.

क्रॉसओव्हर किती ठेवावा? सुरुवात ८० हर्ट्झपासून करावी. टीएचएक्स प्रणालीने रूढ केलेला हा आकडा बहुतेक मध्यम आकाराच्या सेंटरना चालतो. स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची खालची मर्यादा दिलेली असते. क्रॉसओव्हर त्या मर्यादेच्या साधारण दीडपट असावा, म्हणजे ५५ हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या सेंटरला ८०, आणि ७५ हर्ट्झला दमणाऱ्या छोट्या सेंटरला ११० किंवा १२०. त्याहून वर जाण्याचे टाळावे. सर्वसाधारण पुरुषी आवाजाचा मूळ स्वर ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. क्रॉसओव्हर १५० वगैरे ठेवल्यास त्या आवाजाचा पाया सबवूफरमध्ये जातो आणि सबवूफर कोपऱ्यात असेल तर बोलणाऱ्याची छाती एकीकडे आणि तोंड दुसरीकडे असल्यासारखे ऐकू येते. आपोआप ठरलेला क्रॉसओव्हर वर नेण्यास हरकत नसते, पण ऑडिसीमध्ये तो खाली आणू नये, कारण स्पीकर जेथे दमला असे मोजणीत दिसले त्याखाली त्या स्पीकरसाठी सुधारणा केलेलीच नसते.

या सेटिंगचा सबवूफरवरील एका नॉबशी थेट संबंध येतो. सबवूफरच्या मागे स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब असतो, आणि तो ६० हर्ट्झवर राहिला आणि रिसिव्हरमध्ये सेंटरचा क्रॉसओव्हर १०० असला, तर ६० ते १०० हर्ट्झमधला आवाज कुणीच नीट वाजवत नाही. सेंटरने तो सोडून दिलेला असतो आणि सबवूफर तो अडवत असतो. भरदार आवाजाचे नट अचानक किडकिडे वाटू लागतात ते यामुळे. तो नॉब शेवटपर्यंत उजवीकडे फिरवावा किंवा सबवूफरला ‘एलएफई’ (खोल आवाजांच्या स्वतंत्र चॅनेलचे) इनपुट असल्यास वायर तेथे लावावी, म्हणजे गाळण्याचे काम एकट्या रिसिव्हरकडे राहील. मेनूत वेगळा दिसणारा ‘एलएफईसाठी लो-पास फिल्टर’ हा सेंटरसाठी नसतो. तो १२० हर्ट्झवरच असू द्यावा.

सबवूफर नसेल तर डावे-उजवे स्पीकर ‘लार्ज’ आणि सेंटर ‘स्मॉल’ ठेवावा. अशा वेळी सेंटरचा खालचा भाग त्या दोघांकडे जातो. काही रिसिव्हर डावे-उजवे ‘स्मॉल’ असताना सेंटरला ‘लार्ज’ होऊच देत नाहीत, त्यामागेही हाच हिशेब आहे.

अंतर

अंतराचे सेटिंग म्हणजे विलंबाचे सेटिंग. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर. डावा आणि उजवा स्पीकर बैठकीपासून ३.२ मीटरवर आणि सेंटर २.९ मीटरवर असेल, तर सेंटरचा आवाज जवळजवळ ०.९ मिलिसेकंद आधी पोहोचेल. हे आकडे भरल्यावर रिसिव्हर सेंटरला तेवढा वेळ थांबवून तिघांना एका रेषेत आणतो. मुख्य बैठकीवर डोके जेथे असते तेथून स्पीकरच्या तोंडापर्यंत टेप धरून अंतर मोजावे आणि आपोआप आलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या फरकासाठी जीव काढू नये. दीड-दोन फुटांचा फरक असेल तर मात्र माइक आणि स्पीकर यांच्यामध्ये काही आडवे आले होते का, किंवा माइक कठीण पृष्ठभागाला लागून होता का, ते पाहून मोजणी पुन्हा करावी. सबवूफरचे अंतर टेपपेक्षा जास्त दिसले तर ते मात्र तसेच राहू द्यावे. सबवूफरच्या आतील प्रक्रियेला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो.

ओठांची हालचाल आणि शब्द यांचा मेळ बसत नसेल तर सेंटरचे अंतर बदलून उपयोग होत नाही. त्यासाठी ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ हे वेगळे सेटिंग असते आणि ते सर्व स्पीकरांचा आवाज एकत्र मागे सरकवते.

पातळी

आता पातळीकडे. मेनूतून टेस्ट टोन सुरू केला की धबधब्यासारखा ‘खस्स’ असा आवाज एकेका स्पीकरमधून फिरू लागतो. डेसिबल-मीटर असल्यास तो ‘सी’ वेटिंग आणि ‘स्लो’ प्रतिसाद या मीटरवरील पर्यायांवर ठेवून मुख्य बैठकीवर कानांच्या उंचीवर धरावा आणि प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबल दाखवेल असे करावे. मोबाइलवरील अ‍ॅपचा आकडा निखालस खरा मानता येत नाही, पण येथे आपल्याला स्पीकरांची आपसांत तुलना करायची असते, आणि तोच फोन त्याच जागी धरला तर तेवढ्यासाठी तो पुरेसा होतो. मेनूतील पातळीचे आकडे एकसारखे नसले तर घाबरू नये. सेंटरची संवेदनशीलता (तेवढ्याच शक्तीत स्पीकर किती मोठा वाजतो ते) ८७ डेसिबल आणि डाव्या-उजव्यांची ९० असेल, तर सेंटरपुढे तीन डेसिबल जास्त दिसणे स्वाभाविक आहे.

मीटर खाली ठेवून टोन नुसता कानांनी ऐकणेही उपयोगाचे ठरते. डावीकडून मध्याकडे आणि मध्याकडून उजवीकडे जाताना त्या आवाजाचा पोत बदलतो का ते पाहावे. मध्यावर तो अचानक घोगरा किंवा नाकातला वाटला, तर सेंटर वेगळ्या जातीचा आहे किंवा कप्प्याने त्याचा आवाज रंगवला आहे. थोडाफार बदल ध्वनिसुधारणेने झाकता येतो, पण सेंटर शक्यतो डाव्या-उजव्या स्पीकरांच्याच मालिकेतला असावा हा सल्ला याच कारणाने दिला जातो.

सगळे समान केल्यानंतरही संवाद मागे पडत असतील तर सेंटर एक किंवा दोन डेसिबलने वाढवण्यात काहीच वावगे नाही. घरी आवाज चित्रगृहापेक्षा बराच कमी ठेवला जात असल्यामुळे तेवढी मदत अनेकदा लागते. तीन डेसिबलच्या पुढे जाण्याची गरज वाटू लागली तर थांबावे आणि मागे जाऊन कारण शोधावे. सेंटरमध्ये पावले, दारे आणि संगीताचा काही भाग असतोच, तोही संवादांबरोबर वाढतो आणि समोरचे रुंद ध्वनिचित्र मध्यावर आक्रसते. शिवाय दर तीन डेसिबलसाठी अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट शक्ती द्यावी लागते. याच्या उलट बाजूने विचार करणे पुष्कळदा जास्त गुणकारी ठरते: सबवूफर दोन-तीन डेसिबलने खाली आणून पाहावा. मोजणीनंतर हौसेने वाढवलेला सबवूफर संवादांवर पांघरूण घालतो, आणि दोष मात्र सेंटरच्या माथी जातो.

बाकीची बटणे

रात्री हळू आवाजात पाहणाऱ्यांसाठी पातळीपेक्षा ‘डायनॅमिक रेंज’ हे सेटिंग अधिक कामाचे आहे. ते मोठे आवाज दाबते आणि लहान आवाज उचलते, त्यामुळे संवाद आणि स्फोट यांतील दरी कमी होते. डॉल्बी ध्वनिप्रकारांत त्यासाठीची माहिती मूळ मुद्रणातच असते. रिसिव्हरमध्ये ती ‘ऑटो’ किंवा ‘नाइट’ अशा नावाने लागू करता येते. ऑडिसीचे ‘डायनॅमिक ईक्यू’ हे मात्र वेगळे काम करते: आवाज कमी ठेवल्यावर ते खालचे स्वर आणि सराउंड स्पीकर उचलते, आणि त्यात काहींना संवाद हरवल्यासारखे वाटतात. तसे झाल्यास ते बंद करण्याआधी ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ शून्यावरून १० किंवा १५ वर नेऊन पाहावे; टीव्हीवरील कार्यक्रमांना चित्रपटाची शून्य पातळी बहुधा मानवत नाही.

‘डायलॉग लेव्हल’ किंवा ‘डायलॉग एन्हान्सर’ या नावाची सोय असेल तर ती एकेक पायरी वाढवत जावी; जास्त केल्यास ‘स’कार कानाला टोचू लागतात. यामाहातील ‘डायलॉग लिफ्ट’ संवाद पडद्याच्या उंचीवर आणण्यासाठी असते, पण त्यासाठी समोर वरच्या बाजूला ‘प्रेझेन्स’ नावाचे जादा स्पीकर लागतात. हाताने ग्राफिक ईक्यू (स्वरांच्या एकेका पट्टीची पातळी वेगळी बदलण्याची सोय) वापरायचा असल्यास वाढवण्यापेक्षा कमी करण्याने सुरुवात करावी: आवाज खोक्यातला वाटत असेल तर १२५ आणि २५० हर्ट्झच्या पट्ट्या दोन डेसिबलने खाली घ्याव्यात, आणि त्यानंतरही गरज उरली तर २ ते ४ किलोहर्ट्झ एक-दीड डेसिबलने उचलावे. काही रिसिव्हरांत हा ईक्यू आणि आपोआप सुधारणा एकाच वेळी चालत नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

संगीत ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक सेटिंग आहे. डॉल्बी सराउंड मोडमधील ‘सेंटर स्प्रेड’ सुरू केल्यास मधला आवाज डाव्या-उजव्यांतही वाटला जातो आणि गाणी अधिक रुंद वाटतात. टीव्ही पाहताना ते बंद असावे. डॉल्बीचा प्रो लॉजिक टू हा आधीचा मोड असलेल्या जुन्या रिसिव्हरांत हेच काम ‘सेंटर विड्थ’ करते. तेथे ० म्हणजे सगळा मधला आवाज सेंटरमध्ये आणि ७ म्हणजे तो पूर्णपणे डाव्या-उजव्यांत.

हे सर्व झाल्यावर नेहमीच्या आवाजात एखादा परिचित संवादप्रधान प्रसंग लावून ऐकावा आणि त्यापुढे एका वेळी एकच सेटिंग बदलावे. दोन बदल एकत्र केले तर कोणत्या बदलाने काय झाले ते सांगता येत नाही. मोजणी पुन्हा केल्यास हाताने लावलेला आकार, क्रॉसओव्हर आणि पातळी पुसली जाते, आणि काही वेळा सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावरही तसे घडते. म्हणून अंतिम आकडे आधीच्याच कागदावर, रिसिव्हरने लावलेल्या आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवावेत. मेनूतून ते सेव्ह करण्याची किंवा पेन ड्राइव्हवर घेण्याची सोय असेल तर तीही वापरावी.